बटाट्याच्या फुलाची ऑर्डर

पुन्ता अरेनासचा वारा दार वाजवत नाही.
ऐन डिसेंबरच्या उन्हाळ्यात
चौकात माणसांना धरायला दोर बांधावे लागतात.
एदुविना ओयार्सो म्हणते,
इथे फूल करायचं तर दांडगंच करायला हवं.

तिची फुलं जाड.
अ‍ॅक्रिलिकमध्ये पेस्ट कालवायची,
चमचा उभा राहील इतकी घट्ट,
सुरीच्या पाठीवर गोळा घ्यायचा,
टेकवायचा, दाबायचा,
मनगट वळवत ओढून सोडायचं.
झाली पाकळी.
सोडताना कड जराशी उचलली जाते,
तेवढ्याचीच फी घेते मी, असं तिचं म्हणणं.

एकतीस वर्षं तिने बेकरीत केकवर गुलाब काढले.
लग्नांचे, बाप्तिस्म्यांचे, खलाशी परत आल्याचे.
एकाही गुलाबाने दुसरी सकाळ पाहिली नाही.
"माझं सगळं काम लोकांनी खाल्लं."
तक्रार नाही, नुसता हिशेब.
अजूनही तंद्रीत कधी सुरी चाटते,
मग निळ्या ओठांनी सिंककडे धावते.
आम्ही मंगळवारच्या सहाजणी
हसायचं नाही असं ठरवून हसतो.

मे महिन्यात रेमिहियो मान्सिया आला.
खेकड्यांच्या बोटीवर मेकॅनिक. हातात टोपी.
आईचा कोनाडा आहे म्हणाला, दफनभूमीच्या भिंतीत,
तिसऱ्या ओळीत, समुद्राकडे तोंड करून.
ताजी फुलं दुपारपर्यंत टिकतात,
प्लास्टिकची फार तर आठवडाभर.
मागची तर एका अनोळखी कर्नलच्या पायाशी सापडली.
"उडणार नाहीत अशी हवीत."

कुठली आवडायची तिला?

तो फरशीकडे बघत राहिला. बराच वेळ.
"फुलं? ती बटाटे लावायची, बाई.
चिलोएला असताना. मग इथेही,
घरामागे, जुन्या टायरांच्या आडोशाला."

आता बटाट्याचं फूल कोण काढतं?
गुलाब माफ करतो:
हात चुकला तर वर आणखी एक पाकळी चढवा.
याला लपवायला जागाच नाही.
पाच टोकं, पण एकाच कापडाची,
मधे पिवळी चोच.
रेमिहियोला रंग आठवेना.
बटाटा कुठला, तेवढं मात्र आठवलं:
काळा, वाकडा, चिरला की जांभळा.

पहिलं फूल भज्यासारखं झालं.
दुसरं तारामासा.
नववं तिने खरवडून डब्यात परत टाकलं
आणि आमचा तास अर्ध्यावर सोडला.
जाड हाताने पातळ गोष्ट कशी सांगायची
हे तिने आम्हांला शिकवलं नव्हतं.
तिलाच कुठे येत होतं.

पुढच्या मंगळवारी टेबलावर
एक प्लास्टिकची फाइल होती.
तिच्यावर रंग पसरून रात्रभर शेगडीपाशी ठेवलेला.
नखाने कड सोडवून
तिने तो अलगद ओढला,
उकडलेल्या बटाट्याची साल निघावी
तसा तो सबंध निघाला,
मऊ, वाकवला तसा वाकणारा.
कात्रीने पाच टोकं.
मधोमध अंगठा.
फळीवर आधी घट्ट पेस्टची माती,
मातीत देठ, देठावर ते,
जरा मान खाली घातलेलं.
सुरी तिने चाटली नाही त्या दिवशी.

फळी बसवायला आम्ही तिघंच गेलो.
चार स्क्रू. त्याने स्वतःच आवळले,
इंजिनाचं झाकण आवळावं तसे, तिरपे, आळीपाळीने.
मग पाकळीच्या कडेवरून अंगठा फिरवला,
धार बघतात ना, तसा.
"खाली बटाटे नाही काढले?"
"आहेत," एदुविना म्हणाली. "मातीत आहेत."
त्याने मान हलवली, पैसे मोजले,
एक नोट जास्त झाली ती तिने परत दिली.

वारा होताच.
वरच्या कुणाच्या कोनाड्यातलं
लाल प्लास्टिकचं कार्नेशन
आमच्या पायांमधून घरंगळत निघालं.
एदुविनाने चपळाईने त्यावर बूट ठेवला,
उचललं, फिरवून फिरवून पाहिलं,
"आत तार घालतात मेले," म्हणाली,
आणि खिशात टाकलं.